तरुणपणी जीव टाकलेला बँड इतक्या वर्षांनी समोर बघावा का?

पेठकर

१७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड ऐकून आलो, तेव्हापासून मित्रांत एकच वाद चालू आहे. निम्म्यांचं म्हणणं, गायक अ‍ॅक्सल रोझचा आवाज गेला, आता कशाला एवढे पैसे घालवायचे, कानात जे बसलंय तेच जपावं. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणाऱ्यांनी पूर्वी पाहिलं होतं कुठे? 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा त्यांचा पहिला अल्बम आला १९८७ मध्ये. 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग सप्टेंबर १९९१ मध्ये, एकाच दिवशी. आपण तेव्हा शाळेत नाहीतर नुकते कॉलेजात. हा बँड कधी भारतात येईल असं स्वप्नातही नव्हतं. आपल्याकडे होती ती कॅसेट, आणि तीही बहुतेक वेळा कुणाच्या तरी मामानं आखातातून आणलेल्या कॅसेटवरून भरून घेतलेली. आमचा दुकानदार गाण्यांची यादी समोर ठेवून, मिनिटांची बेरीज करून, ९० मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजूंना काय काय बसेल ते ठरवायचा. 'नोव्हेंबर रेन' जवळजवळ नऊ मिनिटांचं. ते त्यानं नेहमी बाजूच्या शेवटी टाकायचं आणि नेमकी शेवटची गिटार चढत असताना फीत संपून खटकन बटण वर यायचं. ते गाणं संपतं कसं, हे मला कॉलेजात गेल्यावर एमटीव्हीवर कळलं.

लॉस एंजेलिसमधला चाहता आजच्या अ‍ॅक्सलची १९८७ मध्ये क्लबात पाहिलेल्या अ‍ॅक्सलशी तुलना करू शकतो. त्याला तो हक्क आहे. आपण मात्र तुलना करतो ती कॅसेटशी. स्टुडिओत एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन, त्यातली उत्तम तेवढी निवडून केलेली ती गोष्ट. तिच्यापुढे पंचविशीतला अ‍ॅक्सलही मंचावर कमीच पडला असता. आपल्या पिढीतल्या बहुतेकांना आपला बँड आयुष्यात पहिल्यांदाच दिसतोय, फक्त उशिरा.

राहिला प्रश्न आवाजाचा. त्या दिवशी ६३ वर्षांचा माणूस होता. खालच्या स्वरात अजून दमदार आहे, वरच्या पट्टीत आवाज पातळ होतो, हे मला ऐकू आलं. पण 'नोव्हेंबर रेन'साठी तो पियानोवर बसला, पहिले चार स्वर वाजले आणि माझ्या आजूबाजूचे पंचेचाळीस-पन्नाशीचे लोक शब्दन् शब्द म्हणत होते. शेवटच्या गिटारला स्लॅश पुढे आला. ती गिटार मी पहिल्यांदाच न तुटता, माणूस समोर उभा असताना, शेवटपर्यंत ऐकली.

तुम्ही कुणाला पाहिलंत? किती वर्षांनी? आणि कुणी ठरवून गेलं नसेल तर तेही जरूर लिहा, कारण तीही बाजू मला समजून घ्यायचीय.

ठाणेवैभव

+१. मीही होतो. स्लॅशची टोपी म्हणजे लग्नातल्या नवरदेवाचा फेटा आहे, घामाच्या धारा लागल्या तरी उतरवायची नाही. मे महिन्याच्या मुंबईत! माणसाला दंडवत.

निवांत

मी ठरवून न जाणाऱ्यांपैकी. पेठकरांनी विचारलंच आहे म्हणून लिहितो.

तुमचा कॅसेटचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. आपण ज्याच्यावर प्रेम केलं ते रेकॉर्डच होतं. त्या माणसांनी १९७२ किंवा १९८७ मध्ये स्टुडिओत बसून जी वस्तू घडवली ती पूर्ण आहे. तिला नंतरच्या भेटीची गरज नाही. माझा बँड ब्रिटनचा डीप पर्पल. त्यांचा गायक इयान गिलनचा जन्म १९४५ चा. ज्या गाण्यातल्या किंकाळ्यांनी मला वेड लावलं, ते गाणं आता ते मंचावर घेतच नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तो त्यांचा प्रामाणिकपणाच आहे. पण मग मी तिथे जाऊन काय ऐकू? बाकीची गाणी? ती घरी चांगल्या स्पीकरवर, दिवा मालवून ऐकतो, आणि मला तो अनुभव पुरेसा मोठा वाटतो.

शिवाय समोर हजारो मोबाइल वर धरलेले असतात. त्या पडद्यांमधून बघायचं, तर घरचा पडदा काय वाईट?

मिरजमळा

निवांत, मोबाइलचं सोडा. मी २००७ मध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड पाहिला तेव्हा ही भानगड नव्हती. १७ मार्च, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. कोल्हापूरहून राणी चन्नम्मानं आम्ही पाच जण गेलो होतो. डब्यात बसल्यावर लक्षात आलं की अर्ध्या डब्यात काळे टी-शर्ट आहेत. कुणी सांगलीचा, कुणी बेळगावचा, एकमेकांचं नावही माहीत नाही, पण टी-शर्टवर तोच एडी, मेडनचा सांगाडा. रात्री अकराला टीसी आला तेव्हा डब्यात कोरस चालू होता. त्यानं तिकिटं तपासली आणि 'आवाज जरा कमी, पोरांनो' एवढंच म्हणाला.

तेव्हा मी पस्तिशीत. मेडन ऐकायला लागलो दहावीत. म्हणजे वीस वर्षांनी पहिली भेट. गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा ४८ वर्षांचा होता आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, त्यांच्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत झाला. बोइंग ७५७ वर स्वतःचं नाव रंगवून, वाद्यं-सामान आणि सगळी माणसं त्यात घालून आले, आणि विमान चालवायला हाच ब्रूस! त्याही वेळी गेलो.

माझ्यासाठी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१५ मध्ये ब्रूसला जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचं जाहीर झालं. उपचार घेऊन तो परत आला, गायला. डिसेंबर २०२४ मध्ये ढोलवादक निको मॅकब्रेननं दौऱ्यांमधून निवृत्ती घेतली. मी ही बातमी वाचली तेव्हा पहिला विचार हा आला की आपण त्याला वाजवताना पाहिलं. निवांत, तुमचे स्पीकर कितीही चांगले असोत, त्यातून हे मिळत नाही.

सुरमयी

धागा आवडला. मी शास्त्रीय गाणं शिकवते, रॉक ऐकते ती नवऱ्यामुळे. पण आवाजाच्या चर्चेत थोडं लिहावंसं वाटतं.

वय वाढतं तसे स्वरतंतू कमी लवचीक होतात, श्वास कमी पडतो. वरचे स्वर आधी जातात. हे सगळ्यांचंच होतं. आपल्याकडे गायक पट्टी उतरवून घेतो, हार्मोनियमच्या काळी एकचा पांढरी सातवर येतो आणि कुणी हरकत घेत नाही. २००७ च्या सवाईत पंडित भीमसेन जोशी ८५ व्या वर्षी गायले, त्यांचं ते शेवटचं जाहीर गायन. मंडपात बसलेल्या एकाही माणसाला १९६० ची तान नको होती. त्यांचा एक षड्ज लागला तरी लोकांचे डोळे भरत होते.

मग हाच न्याय रॉक गायकाला का नाही? तिथेही गिटारच्या तारा अर्धा स्वर उतरवून घेतात. नवऱ्याकडून कळलं की मेटॅलिका हा बँड कित्येक वर्षं मंचावर तसंच वाजवतात. ऐकणाऱ्याला फार तर सूर जरा जड वाटतो. गायकाचा गळा मात्र वाचतो.

सदाशिव_स्ट्रिंग्ज

सुरमयी ताई, एक भर. गन्स अँड रोझेस तर पहिल्या अल्बमपासूनच अर्धा स्वर खाली लावतात. म्हणजे अ‍ॅक्सल जे गायचा ते उतरवलेल्या पट्टीतच आणि तरीही ते इतकं उंच होतं! आता आणखी उतरवायचं तर तारा इतक्या सैल होतात की स्लॅशच्या त्या ओळींचा ताण निघून जाईल. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरुवातीची गिटार घरी एक स्वर उतरवून वाजवून बघा. सूर बरोबर लागतात, पण ते गाणं वाटत नाही. त्यामुळे गायकाला पट्टी बदलून देणं बँडला ख्यालाइतकं सोपं नसतं. गाणं गिटारच्या उघड्या तारांवर आणि बोटांच्या जागांवर बांधलेलं असतं.

आणि म्हणूनच मला अ‍ॅक्सलचं कौतुक वाटतं. पट्टी न बदलता अडीच तासांहून जास्त उभा राहिला.

सुरमयी

हे माहीत नव्हतं. हार्मोनियमवाल्याला नुसतं सांगायचं असतं, त्यामुळे वाद्याकडून येणारी अडचण डोक्यातच येत नाही. आता समजलं.

जुना_झेवियर्सवाला

पेठकर, तुमचं 'आपण पूर्वी पाहिलंच नव्हतं' हे सगळ्यांना लागू नाही. आम्ही पाहिलं होतं. परदेशी नाही, आपला.

रॉक मशीन. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला बँड. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन होतं, उघड्यावरचं. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा. लेक्चर संपवून आम्ही नुसती भिंत ओलांडल्यासारखे तिथे जायचो. पाऊस आला तर भिजायचं, छत्री उघडली की मागून आरडाओरडा. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. त्या काळात मुंबईतले बरेच बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत, आणि हे लोक स्वतः लिहिलेली गाणी घेऊन उभे राहिले. लोक आधी 'अमुक वाजवा, तमुक वाजवा' ओरडायचे. दोन-तीन वर्षांत तेच लोक यांची गाणी मागायला लागले. हा बदल मी त्या जागी उभा राहून पाहिला आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, गाण्यात तबला-सतार आली. १९९७ मध्ये बँड मोडला. २००३ च्या सुमारास रंगभवनही बंद पडलं, रुग्णालयाजवळचं शांतता क्षेत्र म्हणून. रुग्णांचा त्रास खराच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शहरात मग तरुण बँडनं वाजवायचं कुठे, याचं उत्तर बरीच वर्षं कुणीच दिलं नाही, आणि ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवीन अल्बम काढला. बेस आणि ड्रम्सवर नवी माणसं, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी. २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला इंडिपेंडन्स रॉक पुन्हा झालं तेव्हा मी गेलो. तिथे कोचीचा १३एडी हा बँडही होता!

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तुलना करू शकतो. १९८८ चा उदय मला आठवतो. आणि मला २०२२ चा जास्त आवडला. आधी वेग होता, आता गाण्यात जागा आहे. तिनईकर एक स्वर लावतो आणि थांबतो, पुढचा लावायची घाई नाही. विशीत हे कुणालाच जमत नाही. 'राहिलं नाही' म्हणणारे फक्त गळ्याच्या उंचीकडे बघतात.

ठाणेवैभव

झेवियर्सवाले काका, रंगभवनवर वेगळा धागा काढाच. माझा मोठा भाऊ कायम सांगतो आणि मी जळतो.

भटकी_मैना

झेवियर्सवाल्यांचं उत्तर आवडलं. मला त्यातलं 'आपला' फार भावलं. आम्ही नव्वदीत रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक मागवायचो, अलाहाबादहून निघायचं. भारतातल्या कुठल्या गावात कुठला बँड आहे ते त्यात कळायचं. औरंगाबादला बसून मी शिलाँगच्या बँडची नावं पाठ केली होती. त्यातला एकही मी अजून प्रत्यक्ष ऐकलेला नाही. परदेशी बँडच्या तिकिटासाठी महिनाभर आधी तयारी करणारी मी, इथल्या बँडसाठी कधी ठाण्यापर्यंत गेले नाही. यंदा जाणार.

पावभाजी_प्रेमी

अवांतर: तिकीट मिळवायचं कसं ते कुणीतरी सांगा. गेल्या वर्षी एका मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे लाखांच्या घरात आकडा. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, आकडा तसाच. आणि त्याच संध्याकाळी तीच तिकिटं दुसरीकडे कितीतरी पट भावानं. फार राग आला.

सदाशिव_स्ट्रिंग्ज

अवांतराला अवांतर: दुसऱ्यांदा विकलेलं तिकीट चढ्या भावात घेऊ नका. रॉकच्या कार्यक्रमांना आदल्या आठवड्यात बरेच लोक स्वतःच मूळ किमतीत द्यायला निघतात, कारण चौघांतला एक जण ऐनवेळी गळतो. मला रेसकोर्सचं असंच मिळालं.

अनघा_म्युनिक

मी जून २०२४ मध्ये इथल्या ऑलिम्पिक स्टेडियमवर एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड पाहिला, मुलाला घेऊन. त्याचं वय पंधरा. त्याला मी आणलं असं मला वाटत होतं, पण सगळी गाणी त्यालाच पाठ.

मला धाग्यातल्या 'मूळ संच' या प्रश्नाबद्दल लिहायचंय, जो अजून कुणी नीट काढला नाही. आमच्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' असं छापलं की गर्दी व्हायची. एसी/डीसीत मूळ संचातला कोण उरलाय? गिटारवाला अँगस यंग. दुसरी गिटार वाजवणारा भाऊ माल्कम २०१७ मध्ये गेला. त्याच्या जागी त्यांचा पुतण्या स्टीव्ही वाजवतो. ड्रम्स आणि बेसवर नवीन लोक. ब्रायन जॉन्सन १९८० पासूनचा गायक, पण मूळ नव्हेच. त्याला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या भीतीनं दौरा अर्धवट सोडावा लागला होता, तेव्हा त्याच्या जागी गायला कोण उभा राहिला? हाच अ‍ॅक्सल रोझ. आणि ब्रायन परत येऊन गात होता, ७६ व्या वर्षी.

मग हा एसी/डीसी आहे की नाही? मला उत्तर तिथे उभं राहिल्यावर मिळालं. स्टीव्ही यंग मागे, अँप्लिफायरजवळ उभा राहून, एकही उडी न मारता तोच ठेका धरून होता, जो माल्कम धरायचा. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मी मात्र बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते. काकाचं काम पुतण्या जसंच्या तसं करतोय आणि त्यात स्वतःचं काही घुसडत नाही. घराणं म्हणजे आणखी काय असतं?

निवांत

अनघाताई, मुद्दा पोचला. पण मग २०१२ चं काय? डिसेंबर २०१२ मध्ये 'गन्स अँड रोझेस' मुंबईत आले होते, त्यात अ‍ॅक्सल होता, गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ नव्हते. वाजवणारे उत्तम होते. तो बँड होता का?

ठाणेवैभव

नव्हता. हे माझं वैयक्तिक मत.

सदाशिव_स्ट्रिंग्ज

मी २०१२ ला होतो. वाजवण्यात तसूभर कमी नव्हतं. पण गिटार सुरू झाली की लोक टाळ्या वाजवायचे आणि मग गप्प व्हायचे. २०२५ मध्ये गाण्याच्या त्याच ठिकाणी लोक गिटारच्या ओळी तोंडानं गात होते. स्वर तेच, पण ते ज्यानं पहिल्यांदा शोधले तो माणूस समोर होता. मूळ संचातला इझी नाही, स्टीव्हन नाही, तरी अ‍ॅक्सल-स्लॅश-डफ एकत्र उभे आहेत यानं फरक पडला. २०१६ मध्ये हे तिघं पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी त्या दौऱ्याचं नावच 'या जन्मी नाही' अशा अर्थाचं ठेवलं होतं, कारण पुन्हा एकत्र येणार का विचारल्यावर अ‍ॅक्सल तेच म्हणाला होता.

नेरूळकर

मूळ संच हवा असेल तर माझं नशीब ऐका. १५ डिसेंबर २०१९, यू२, आमच्या घराजवळ डी. वाय. पाटीलवर. १९७६ मध्ये डब्लिनला शाळेत जमलेली चार पोरं, आणि ४३ वर्षांनी तीच चौघं मंचावर. त्या दौऱ्यात १९८७ चा 'द जोशुआ ट्री' अख्खा, त्याच क्रमानं वाजवला. ए. आर. रहमानही आला. पडद्यावर स्त्रियांचे चेहरे दाखवत होते, त्यात पत्रकार गौरी लंकेश दिसल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आयर्लंडच्या बँडनं इथे येताना इथली माणसं समजून घेतली होती. 'हॅलो मुंबई' म्हणून निघून जाणारे बरेच पाहिलेत, म्हणून हे लक्षात राहिलं.

ब्रुमी_मराठा

मी बर्मिंगहॅमला असतो. हा धागा गेले दोन दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

५ जुलै २०२५ ला इथल्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबाथ या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. गायक ऑझी ऑसबोर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड. मूळ चौघं, वीस वर्षांनी एकत्र. ज्या अ‍ॅस्टन भागात ते वाढले तिथलंच मैदान. मला तिकीट मिळालं नाही. घरी प्रक्षेपण पाहिलं, पण स्टेडियम इतकं जवळ आहे की खिडकी उघडल्यावर बासचे ठोके बाहेरूनही येत होते. प्रक्षेपण दोन तास मागे होतं, त्यामुळे आवाज बाहेरून आधी आला, चित्र बऱ्याच वेळानं.

ऑझीला पार्किन्सन्स. उभं राहता येत नव्हतं. काळ्या सिंहासनावर बसून गायला. आधी स्वतःची पाच गाणी, मग सॅबाथची चार. आवाज कापत होता, काही ठिकाणी सूर सुटला. तो उठायचा प्रयत्न करत होता, खुर्चीचे हात धरून, आणि शरीर साथ देत नव्हतं. मी नाशिकला आठवीत असताना या माणसाचा फोटो वहीत चिकटवला म्हणून मार खाल्ला होता. त्या रात्री मला त्याच्या चुकलेल्या सुराचं काहीही वाटलं नाही. त्याला तिथे यायचं होतं आणि तो आला.

२२ जुलैला तो गेला. ३० जुलैला ब्रॉड स्ट्रीटवरून अंत्ययात्रा निघाली, ब्लॅक सॅबाथच्या नावाच्या पुलावर थांबली. पितळी वाद्यांचा बँड त्याची गाणी वाजवत पुढे. मी कामावरून सुट्टी घेऊन गेलो. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी १९७० मध्ये ब्लॅक सॅबाथला पबमध्ये ऐकलं होतं. त्यांना विचारलं, तेव्हा कसे होते? म्हणाल्या, 'फार मोठ्यानं वाजवायचे, आमच्या वडलांना आवडत नसे.'

निवांत, तुमचं मत मी खोडत नाही. पण तिकिटासाठी मी आणखी धडपड करायला हवी होती असं मला रोज वाटतं.

मिरजमळा

ब्रुमी, वाचून गलबललो.

भटकी_मैना

🙏

रेवा९९

मी इथल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान आहे, २६. रेसकोर्सला बाबांना मी नेलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं कुठे जातोय, महालक्ष्मी स्टेशनला उतरल्यावर काळे टी-शर्ट बघून त्यांना कळलं. पेठकर काका, तुम्ही लिहिलंत की तुमच्या पिढीला पहिल्यांदाच दिसतोय. माझ्या बाबांचंही तेच. पण ते कार्यक्रमात नाचले वगैरे नाहीत. शेवटपर्यंत हात बांधून उभे. मला वाटलं आवडलं नाही. परतीच्या लोकलमध्ये मात्र त्यांनी दादर ते डोंबिवली, कुठल्या गाण्यात कुठे काय बदलून वाजवलं ते सगळं सांगितलं. कुठला भाग लांबवला, कुठे ड्रमर नवीन असल्यामुळे ठेका वेगळा पडला. एवढं ते माझ्याशी दहावीच्या निकालानंतर बोलले नव्हते.

पेठकर

रेवा, बाबांना नमस्कार सांग. ड्रमरचं त्यांनी बरोबर पकडलं. आयझॅक कार्पेंटर २०२५ मध्येच आलाय.

सगळ्यांचे आभार. झेवियर्सवाले, तुमच्यामुळे मला माझं मत थोडं रुंद करावं लागतंय. पहिल्यांदा पाहणं आणि पुन्हा पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला आली, कारण आपल्या बँडना वाजवायला जागाच राहिली नाही. निवांत, तुमचा मुद्दा मात्र मला अजून पटत नाही. रेकॉर्ड पूर्ण आहे हे खरं. पण ती ज्यांनी केली त्या माणसांना 'तुम्ही माझ्या आयुष्यात होतात' हे टाळ्या वाजवून सांगायची एकच जागा आहे, आणि ती स्पीकरसमोर नाही.

निवांत

हा विचार मी केला नव्हता, हे मान्य. मी आजवर फक्त मला काय मिळेल एवढंच बघत होतो. तरी गर्दीत जाणार नाही. पण इंडस क्रीड एखाद्या छोट्या सभागृहात असेल तर झेवियर्सवाल्यांनी कळवावं. बसायला जागा असेल तर येईन.

जुना_झेवियर्सवाला

कळवतो. बरोबरच जाऊ.

पावभाजी_प्रेमी

अनघाताई, मुलाच्या कानांचं काय केलंत? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही न्यायचंय आणि स्पीकरची धास्ती वाटते.

अनघा_म्युनिक

नऊ वर्षांच्या मुलीला कानावरून घालायचे मफ घ्या, लहान मुलांच्या मापाचे मिळतात. कानात घालायचे फोमचे बोळे लहान कानात नीट बसत नाहीत. मोठ्यांसाठी फोमपेक्षा वादक वापरतात ते गाळणीचे बोळे चांगले. फोममध्ये वरचे सूर जास्त दबतात आणि गाणं कोंदट वाटतं, यात सगळा आवाज सारखा कमी होतो. आणि स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नका, ध्वनी मिसळणारा माणूस बसतो त्या मनोऱ्याच्या आसपास जागा धरा. आवाज तिथेच सगळ्यात नीट लागतो, आणि मुलीला टेकायला कठडाही मिळतो.

पावभाजी_प्रेमी

हे कामाचं. मफ आजच मागवतो.